जटेतली खळ

माजं तोंड वाईट हाय, हे आदीच सांगून टाकते. गोड बोलनारी बाई पायजे असंल तर आमच्या चाळीत पुष्कळ हायत्या, त्यांच्या दाराला जावा. मी मथुरा, कुंडलिकाची थोरली भैन. मंगळवेढ्याला दिली हुती मला. नवरा हात उचलायचा. एक दिस मी बी उचलला, मंग तितं कशी ऱ्हाते? तवापासनं भावाच्या घरात हाय, सोलापुरात, साखर पेठंत. भाव चादरीच्या मागावर बसतो. मी त्याच कारखान्यात कांड्या भरते. सूत कांडीवर गुंडाळायचं, गुंता झाला की सोडवायचा, फिरून गुंडाळायचं. दिस उगवला की मावळंस्तवर त्येच.

घरात आमी चौगं. कुंडलिक, मी, आमची आय बजाबाई, आनि कुंडलिकाची पोर छबू. छबूची आय बहात्तरच्या दुष्काळात गेली. खडी फोडायच्या कामावर हुती, ताप आला आनि गेली. तवा छबू लहान हुती, माजा पदर धरून झोपायची. जल्म मी दिला न्हाय, पन न्हाऊ-माखू मीच घातलं. म्हनून तिच्यावर माजा हक्क हाय, कुनाला पटू नायतर न पटू.

तर छबूला फुग्याचं लई याड. फुगा म्हंजे क्येसांचा. ही गोष्ट घडली त्या साली सगळ्याच पोरींना त्यो रोग लागला हुता. थेटराच्या भितीवर बाया रंगवलेल्या असत्यात की, डोक्यावर क्येसांचा डोंगर उभा केलेल्या, तसा पायजे. छबूचे क्येस मऊ, फुगा उभाच ऱ्हाईना. आनि घरात कुंडलिक. "नटव्या पोरींचं काय हुतं मला ठाव हाय," म्हनायचा. "पुना दिसलं तर तंगडं मोडीन." एकदा खरंच कानाखाली वाजवली, पोरीचं कानातलं तुटून पडलं. तवापासनं ती जे करायची ते चोरून. काय करायची हे मला बी मागनं कळलं.

थंडीत तिला मुदतीचा ताप आला. कितीतरी दिस अंथरुनातनं उठली न्हाय. आयनं डोक्याला पानी लावू दिलं न्हाय का फनी लावू दिली न्हाय. तापात डोकं धुतलं की वात हुतो, म्हनं. मी दिसभर कारखान्यात. ताप उतरला, पोरगी भितीला टेकून बसायला लागली, तवा आय फनी घिऊन तिच्या मागं बसली. फनी आत जाईना. मानंच्या वर क्येसांचा एक गोळा झाला हुता, कडक आनि चिकट, नारळाच्या शेंडीवानी. आयनं फनी खाली ठिवली आनि हात जोडले.

"जट," म्हनली. "आईनं धरली पोरीला."

ज्येला ठाव न्हाय त्येच्यासाटी सांगते. आमच्याकडं क्येसात जट झाली की ती यल्लम्मा देवीनं धाडलेली, असं मानत्यात. जट विंचरायची न्हाय, कापायची न्हाय, तिला हळदीचा भंडारा लावायचा. जो तिला हात घालील त्यो रक्त ओकून मरतो. आनि जट झालेली पोर देवीची. तिला डोंगरावर न्यायची, गळ्यात मनी बांदायचे, देवीला सोडायची. तिचं लगीन देवीसंगं लागलं म्हनत्यात. म्हंजे काय, तर तिला नवरा मिळत न्हाय, मालक मिळतो. एकाचं मन भरलं की दुसरा. म्हातारी झाली की हातात परडी आनि दारोदार जोगवा. देवीला सोडलेल्या बाया म्या बगितल्या हायत. देवी त्यांच्या दारात आलेली कदी दिसली न्हाय. गावातली मोठी मानसं मातुर अंधार पडला की येताना दिसली.

आयचं बी एक हुतं. कुंडलिक लहानपनी मरनाच्या दारात हुता, तवा तिनं यल्लम्माला नवस बोलला. पोरगं जगू दे, तुजं मी फेडीन. पोरगं जगलं, नवस ऱ्हायला. मंग दुष्काळ आला, गाव सुटलं, सून गेली. आयनं सगळं त्या एका खुंटीला टांगलं. म्हनून जट बगून ती रडली न्हाय. उलट तिचा जीव भांड्यात पडला. "आता फिटंल," म्हनली. बोलनारी ही, आनि फेडनार कोन, तर चौदा वर्साची पोर.

कुंडलिकाला इचारलं तर म्हनतो, "आय म्हनती तसं." माज्या भावाचं असंच हाय. कारखान्यात चार मानसांवर वरडतो, घरात आयच्या म्होरं आवाज निगत न्हाय.

नीलम्माला बोलावनं गेलं. नीलम्मा आमच्या पेठंत जोगवा मागनारी जोगतीन. वळसंगाकडची, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायची. डोक्यावर देवीचा जग, म्हंजे पितळी मुखवट्याची ती टोपली. गळ्यात कवड्यांची माळ, आनि पाठीवर कमरंपातुर लोंबनारी तिची सोताची जट. ती आली. छबूच्या गोळ्याकडं बगितलं, भंडारा लावला, "उदो" म्हनली. झालं. माघाच्या पुनवंला सौंदत्तीच्या डोंगरावर जायाचं ठरलं.

आनि घरात छबूचं राज्य सुरू झालं. पयलं ताट तिला. दुधावरची साय तिला. चाळीतल्या बाया यायच्या, पायाला हात लावायच्या, माज्या पोराला गुन येऊ दे म्हनायच्या. कुंडलिक, जो पोरीकडं कदी धड बगायचा न्हाय, त्यो कामावर जाताना तिच्या पायावर डोकं ठिवायचा. पोरगी गप. ना हसायची ना रडायची, नुसती बगत बसायची.

मी भांडले. सकाळ-सांज भांडले. "पोरगी हाय ती, नवसाचं बोकड न्हाय," म्हनलं. आय म्हनली, "तुज्या जिभंला हाड न्हाय म्हनून तुजा संसार मोडला. आता पोरीचा मोडू नगं." ऐका आता. डोंगरावर सोडून यायचं, त्येला ही बाई पोरीचा संसार म्हनती. आपलेच दात आनि आपलेच व्हट, बोलायचं कुनाला? पन मी गप बसनारी न्हवं.

एक दिस सांजच्याला मी छबूला जवळ घिऊन बसले हुते. घरात दुसरं कुनी न्हवतं. तिला एकाएकी हुंदका आला, तिनं माज्या खांद्यात तोंड खुपसलं, आनि त्यो गोळा बराबर माज्या नाकाखाली आला. वास आला. भंडाऱ्याच्या खाली, घामाच्या खाली आंबूस वास, आनि त्याला वरनं गोडसर अत्तराची झाक. मी ताठ झाले. ह्यो वास माज्या वळखीचा. कारखान्याच्या मागं मोठ्या हंड्यात मैद्याची खळ शिजवत्यात. ती सुताला लावली म्हंजे सूत ताठ ऱ्हातं, मागावर तुटत न्हाय. उरलेली खळ आंबती, आनि आंबली की सगळ्या कारखान्यात त्योच वास. जल्म चाललाय माजा त्या वासात. मला कोन फशिवनार?

"छबे," म्हनलं, "क्येसाला खळ लावलीस का गं?"

पोरगी लाकडागत झाली.

"फुगा ताठ ऱ्हावा म्हनून?"

तिनं मान हालवली. व्हय.

मंग सगळं भाईर आलं. माज्यासंगं कारखान्यात कांड्या भरायला यायची, तवा हंड्यातली खळ डबीत भरून आनायची. मैत्रिनीच्या घरात बसून आदी क्येसाला खळ, मंग ती पांढरी दिसू नये म्हनून वर वासाचं पोमेड, म्हंजे क्येसाचं घट्ट मलम. फुगा काढायचा, आरशात बगायचं, आनि घरी यायच्या आत मोडून येनी घालायची. धुवायची कशानं, तर कापडाच्या साबनानं आनि हापशाच्या खाऱ्या पान्यात. खाऱ्या पान्यात साबनाला फेस येतो व्हय? नुसती चिकट साय बसती. एका थरावर दुसरा थर, त्यात कारखान्यात उडनारा कापूस, वरनं त्यो ताप आनि उशीवर डोकं घासनं. झाली की जट. देवीला कशाला तरास द्यायचा?

"मंग तोंडानं बोलली का न्हाईस?" म्हनलं.

"बा तंगडं मोडंल." मंग म्हनली, "आनि आत्या, आता मला कुनी मारत न्हाय."

मला राग यायला पायजे हुता. रडू आलं. मार चुकवायला पोरीला देवी व्हावं लागतं. आनि देवी झाली की जल्म जातो. ह्यो काय न्याव झाला? कुंडलिक त्या घडीला म्होरं असता तर मी त्येचं काय केलं असतं मला सांगता येत न्हाय.

डोळं पुसलं आनि डोंगरावर काय हुतं त्ये तिला सगळं सांगितलं. न लाजता सांगितलं. करनाऱ्याला लाज न्हाय तर सांगनारीला का असावी? तिनं माजा पदर घट्ट धरला. म्हनली, "धुऊन टाक, आत्या. रातच्याला धू. बाला कळू दिऊ नगं."

"चोरून न्हाय धुनार," म्हनलं. "तू चोरून लावलीस त्ये पुरं झालं. गुपचूप धुतलं तर उद्या म्हनतील देवी रुसून गेली, चला तिला मनवायला. उजेडात धुवायची, चार मानसांम्होरं."

शुक्रवारी आय आनि कुंडलिक डोंगरासाटी हिरवं लुगडं आनि बांगड्या आनायला बाजारात गेले. मी कामावर गेलेच न्हाय. चाळीच्या मधल्या अंगनात नळाजवळ पाट मांडला, भर दुपारी, आनि छबूला त्यावर बसवली. चूल भाईरच पेटवली. रिठं आदीच भिजत घातलं हुतं, त्ये उकळायला ठिवलं. शिकेकाई कुटून ठिवलेली हुतीच.

बाया दारादारात आल्या. उंबऱ्याच्या अलीकडं पाय कुनाचा पडंना.

"मथुरे, हात लावू नगं. रक्त ओकशील."

"ओकले तर भांडं घिऊन या," म्हनलं.

शेजारच्या नरसव्वानं तर दारच लावून घितलं. ती तेलुगू घरातली, त्यांच्या घरातच माग हायत. माज्यासंगं तिचं रोज नळावरनं भांडान. म्हनलं बरं झालं, एक तोंड कमी.

पयलं कोमट करडीचं त्याल. बोटानं दाबून दाबून गोळ्यात जिरवलं. पोमेडाला त्यालच सोडवतं, पान्याला त्ये जुमानत न्हाय. मंग ज्वारीचं कोरडं पीठ चोळलं, भाकरीचं पीठ मळतो तसं हळूहळू. सुटलेलं सगळं त्यालकट त्या पिठानं वढून घितलं आनि काळपट शेवया गळायला लागल्या. भंडारा पिवळा, पीठ पांढरं, मळ काळा, सगळं छबूच्या पाठीवरनं खाली. पोरगी डोळं गच्च मिटून बसली हुती, आब्बाळ फाटंल म्हनून वाट बगत.

खरं सांगते, मला भ्या वाटलं न्हाय असं न्हाय. लहानपनापासनं ऐकलेलं अंगात मुरलेलं असतं की. पन भ्या वाटलं म्हनून हात थांबवायचा, असं मला कदी जमलं न्हाय. त्यात रिठ्याच्या हंडीवर वाकले आनि त्येची वाफ घशात गेली. रिठ्याचा झनका काय असतो ठाव हाय की. खोकला सुटला, थांबंचना. सगळ्या बाया माज्या तोंडाकडं बगत. मी थुंकले. मंग बोट दावलं. "पांढरी हाय," म्हनलं, "या, जवळनं बगा. हातच्या काकनाला आरसा कशाला?" एक पोरगी फिदकन हसली, तिच्या आयनं तिला आत वढली.

आता पाळी खळीची. खळ वाळली की दगड. तिला आंबट पायजे, आंबटात ती फुगती आनि सुटती. मी ताक वतलं, पन ताक पुरंना. घरात तेवढंच हुतं. मी इकडं तिकडं बगतीया तवर नरसव्वाचं दार उघडलं. ती कळशी घिऊन उभी.

"मज्जिगा," म्हनली. म्हंजे ताक. "चार दिसाचं हाय. लई आंबट. घे."

"तुला रक्ताचं भ्या न्हाय का?"

"खळीचा वास माज्या घरापातुर आला," म्हनली. "खळीला कोन भितंय?"

आनि पदर खवून छबूच्या म्होरं बसली, तिचं डोकं आपल्या मांडीवर घितलं. नळावरचं सगळं भांडान म्या त्या घडीला माफ केलं.

गोळा ताकात भिजू दिला. मंग दाबला तर बोट आत गेलं. गरम पानी, रिठ्याचं पानी, पुना गरम पानी. रिठ्याला खारं पानी काय आनि गोडं काय, फेस येतोच. मंग गुंता. गुंता सोडवायचा एकच नेम हाय, त्यो कांड्या भरनाऱ्या बाईला कुनी शिकवावा लागत न्हाय. वरनं वढायचं न्हाय. खालचं टोक धरायचं, तिथनं वर वर जायाचं, येक येक क्येस. एका बाजूनं बट सुटली. वल्ली, काळी, लांब. ती हातात घिऊन म्या छबूला दावली. तिनं डोळं उघडलं आनि त्या बटंला असा हात लावला की जनू दुसऱ्याच कुनाची हाय.

निम्मं सुटलं हुतं तवा चाळीच्या दारात आय, कुंडलिक आनि त्यांच्यामागं नीलम्मा उभी ऱ्हायली. शुक्रवार हुता, ती जोगव्याला निगालेली, वाटंत गाठ पडलेली. आयच्या हातातनं बांगड्यांचा पुडा पडला.

"काय केलंस गं, सटवे," आय म्हनली. "मरशील. पोरीला घिऊन मरशील."

"दुपारपासनं मरतीया," म्हनलं. "अजून जमलं न्हाय."

कुंडलिक तडक पुढं आला आनि त्येनं छबूचं मनगाट धरलं. "ऊठ. घरात चल."

मी पाटाजवळचा सुटलेला लगदा उचलला, पांढरट, चिकट, कापूस मिसळलेला, आनि त्येच्या नाकाम्होरं धरला. "वास घे. जल्मभर मागावर बसलास, ही खळ वळखत न्हाईस?"

त्येनं मान फिरवली. मी हात फिरवला. शेवटी त्येनं वास घितला. त्येच्या तोंडावरनं मला कळलं, त्येनं वळखलं. पन कबूल करील त्यो माजा भाव कसला?

"देवी कशातबी येती," म्हनला. "खळीतबी येईल."

"म्हंजे कारखान्याच्या हंड्यालाबी भंडारा लाव की मंग."

नरसव्वा हसली. कुंडलिकाच्या कपाळावर शीर उभी ऱ्हायली. त्येवढ्यात छबू बोलली. आवाज बारीक, पन अंगनात सगळ्यांना ऐकू गेला.

"म्या लावली, बा. फुगा काढायला. खळ बी म्या आनली, पोमेड बी म्या लावलं. देवी न्हवती. रोज तू पायावर डोकं ठिवायचास, तवा मला भ्या वाटायचं."

कुंडलिकाचा हात वर गेला. मी त्या दोघांच्या मदी उभी ऱ्हायले.

"मार," म्हनलं. "सकाळी जिच्या पाया पडलास तिला सांजच्याला मार. पन आदी मला मारावं लागंल. आनि मी मंगळवेढ्याला काय केलं हुतं त्ये तुला ठाव हाय."

हात वरच ऱ्हायला. सगळी चाळ बगत हुती. मंग त्यो खाली आला, आनि त्या हातानं कुंडलिकानं आपलंच तोंड पुसलं. पोरीचं मनगाट सुटलं.

आय मातुर हालली न्हाय. तिचं डोळं नीलम्मावर. "नीलम्मा, तू सांग. भंडारा तू लावलास. तू म्हनशील त्ये खरं."

आता सगळं तिच्या जिभंवर हुतं. ती "देवी" म्हनली असती तर आयनं त्या निम्म्या गोळ्यासकट पोरीला डोंगरावर नेली असती, आनि कुंडलिकानं मान खाली घालून गाडीत बसवली असती. माज्या तोंडात शिव्या तयार हुत्या. नीलम्मानं जग उतरवून कट्ट्यावर ठिवला. छबूच्या मागं उकिडवी बसली, उरलेला गोळा हातात घितला आनि नाकाला लावला.

"देवी न्हाय हितं," म्हनली.

"मंग त्या दिशी भंडारा कसा लावलास?" आय म्हनली.

"त्या दिशी वास घितला न्हवता."

"का न्हाय घितलास?"

"कोन घेतं, बजाबाई? गोळा बगायचा, भंडारा लावायचा. माज्या जटंचा बी कुनी घितला न्हवता की."

आयनं पडलेला बांगड्यांचा पुडा उचलला. "आनि माजा नवस?"

"तू बोललीस, तू फेड," म्हनलं. "तुजे पाय धड हायत, तू जा डोंगरावर. पोरीचं नाव पुना काढायचं न्हाय." आय माजी हाय. पन बोलले. आनि पुना तशी येळ आली तर पुना बोलीन.

नीलम्मा अजून तितंच बसली हुती. बोटाला लागलेला लगदा बगत हुती. मी इचारलं, "तुला कंच्या वयात झाली गं जट?"

"छबूपरास लहान हुते." तिनं बोटं एकमेकावर चोळली. "आमच्या मामाचं गुऱ्हाळ हुतं. दिसभर तितंच खेळायची मी. काकवी हाताला, तोंडाला, क्येसाला लागायची. आय वरडायची, डोकं चिकट झालंय म्हनून." इथपातुर बोलली आनि तिचा हात सोताच्या जटंवर गेला. तिचं तोंड बदललं. इतकी वर्सं त्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात वेगवेगळ्या पडल्या हुत्या, त्या आत्ता जवळ आल्या.

मी रिठ्याची हंडी जवळ वढली.

"बस हितंच," म्हनलं. "छबूचं झालं की तुजी बगते. त्याल हाय, रिठं हायत. न्हाय सुटली तर कातर हाय."

"आता न्हाय गं." ती उठली. "आता मी ह्या जटंवरच जेवते. ही गेली तर दारात कोन उभं करील मला?"

चाळीतल्या एकीनं बी मान वर केली न्हाय. नीलम्मा जगाजवळ गेली आनि म्हनली, "उचलायला हात लाव, मथुरा."

मी वल्ले हात लुगड्याला पुसले. तिनं आपली जट डोक्यावर गोल गुंडाळली, चुंबळ करतो तशी, आनि खाली वाकली. त्यो जग मी दोनी हातांनी उचलून तिच्या डोक्यावर ठिवला. लई जड हुता. ती मान सरळ करून दारादारावरनं गेली, आनि कुनाकडं जोगवा मागितला न्हाय.